विनय की भय?

मनुष्य आपल्या दोषांना त्यांच्या खऱ्या नावांनी क्वचितच हाक मारतो. कृपण स्वतःस काटकसरी म्हणवितो, आळशी स्वतःस निरिच्छ समजतो. माझ्या अंगी जो दोष होता त्यास मी पस्तीस वर्षे 'विनय' म्हणत आलो.

मी केवळ शालान्त परीक्षा उत्तीर्ण झालेला. संस्कृत वडिलांपाशी शिकलो आणि तेवढ्या पुंजीवर मावळातील मुलांना शिकवीत सेवानिवृत्त झालो. पदवी घ्यावी ही इच्छा मनात होतीच, परंतु अर्ज भरण्याची वेळ आली की मी म्हणे, "खेड्यातल्या मास्तराने आपली पायरी ओळखून असावे." ऐकणारे माझ्या नम्रतेची वाखाणणी करीत, आणि ती मला गोड लागे.

तीन वर्षांपूर्वीच्या आषाढातील गोष्ट. वडिवळ्यास पाऊस आठ दिवस हलला नव्हता. मी ओटीवर बसलो असता सूनबाईने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे माहितीपत्रक पुढे ठेवले. "मामंजी, तुमचा अर्ज भरू का?"

"या वयात पदवी घेऊन काय करायचे आहे?" मी म्हणालो.

"चाळिसाव्या वर्षीही तुम्ही हेच म्हणत होता, असे सासूबाई सांगतात."

मी निरुत्तर झालो. त्या रात्री महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' पुन्हा काढले. कर्वे स्वभावाने अतिशय बुजरे होते, आणि ही गोष्ट त्यांनी स्वतः लपविलेली नाही. १८७५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ते सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी मुरुडहून निघाले. कुंभार्ली घाट चढून, पावसापाण्यातून सुमारे ११० मैल पायी चालत त्यांनी सातारा गाठले. तेथे परीक्षामंडळाच्या प्रमुखांनी त्यांच्याकडे पाहिले, मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही असे ठरविले आणि त्यांस परत धाडले.

पुढील वर्षी त्यांनी कोल्हापुरास जाऊन ती परीक्षा दिली. मॅट्रिक झाले ते १८८१ साली, तेविसाव्या वर्षी. १८९१ साली ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, आणि तो हिंगण्यास गेल्यावर कॉलेजचे काम उरकून चिखल तुडवीत रोज तेथे जाऊ लागले. महिला विद्यापीठ १९१६ चे. एवढे सारे झाले, परंतु आधी बुजरेपणा घालवू आणि मग कामास लागू, असे काही त्यांनी ठरविले नव्हते. बुजरेपणा सोबत घेऊनच ते चालत राहिले.

'ते महर्षी, आपण सामान्य,' असे मन लगेच म्हणाले. पण साताऱ्याहून हिरमुसला होऊन परतणारा तो मुलगा कोठे महर्षी होता? तेव्हा माझ्या ध्यानात आले की संशय हा उघड शत्रू म्हणून येतच नाही. तो शहाणपणाची भाषा बोलत येतो. रथात बसलेल्या अर्जुनाने तरी दुसरे काय केले? हातपाय गळाले होते, आणि तोंडी मात्र कुलधर्माची चर्चा होती. जन्मभर गीता वाचून हे मला कळले नव्हते. सुनेच्या एका वाक्याने कळले.

अर्ज भरला. रोज पहाटे एक पाठ, अधिक नाही आणि उणाही नाही, एवढाच नेम ठेवला. परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या दारातील तरुण म्हणाला, "आजोबा, पालकांनी बाहेर थांबायचे." कर्व्यांना वय कमी दिसते म्हणून अडविले होते, मला जास्त दिसते म्हणून! प्रवेशपत्र दाखविले तेव्हा तो बिचारा ओशाळला. त्या वर्षी इंग्रजीत मी अनुत्तीर्ण झालो. चार दिवस कोणाशी बोललो नाही. पाचव्या दिवशी पहाटे पुन्हा तेच पुस्तक उघडले. पुढच्या खेपेस ती पत्रिका सुटली. गेल्या महिन्यात पदवीपत्र हाती आले.

ते देवापुढे ठेवून मी सूनबाईस विचारले, "लग्नामुळे तुझे एम. ए. राहिले, त्याचे काय?"

ती हसून म्हणाली, "आता मला कुठले जमायचे, मामंजी! घरचे हे सगळे कोण पाहील?"

तो स्वर माझ्या ओळखीचा होता. घरचे काम खरेच पुष्कळ आहे; मी आणि माझी पत्नी मिळून पहाटेचा चहा व नातवाचा डबा पाहू लागलो आहोत. तिचा अर्ज या खेपेस मी भरला.