आधी प्रत, मग दुरुस्ती

विद्यार्थिमित्रांनो, संगणकावरचे खेळ तुम्हांला आवडतात, हे मी जाणते. मधल्या सुट्टीत तुमच्या गप्पा माझ्या कानांवर पडतात. त्या गप्पांत कधी कधी एक तक्रारही असते. "खेळ बिघडला होता. दुरुस्त केला, पण सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं." ही तक्रार ऐकली की मला माझी एक चूक आठवते. शिक्षकांच्याही चुका होतात. त्यांपैकी एक आज तुम्हांला सांगते.

माझे माहेर रत्नागिरी जिल्ह्यातले. खाडीजवळ आमचे जांभ्या दगडाचे जुने घर होते. ते २०१५ साली पाडले. त्यानंतर अम्मी भिवंडीला आपाकडे राहू लागली. आपाचा मुलगा तेव्हा लहान होता. पुढे त्याला 'माइनक्राफ्ट' या खेळाची गोडी लागली. तुमच्यापैकी अनेकांना हा खेळ ठाऊक असेल. तो २००९ साली स्वीडनमध्ये तयार झाला. त्यात चौकोनी ठोकळे रचून आपल्याला हवे ते बांधता येते.

माझ्या भाच्याने त्यात काय बांधले असेल? त्याने नानीचे घर बांधायला घेतले! जांभ्या दगडासाठी त्याने विटांचे तांबडे ठोकळे निवडले. अम्मी त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसे. ती सांगे आणि तो बांधे.

"अरे, विहीर तिकडे नव्हती. ओटीवर उभं राहिलं की डाव्या हाताला दिसायची."

"नानी, पायऱ्या किती होत्या?"

"पाच. खालची तुटलेली होती. तीही तशीच दाखव."

असे त्यांचे काम १ वर्ष चालले. पडवी झाली, माजघर झाले, परसातले फणसाचे झाड झाले. २०१९ च्या जानेवारीत अम्मीचे निधन झाले. घर थोडे अपुरे राहिले होते.

त्याच वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी आपाकडे गेले. एके दुपारी भाचा खेळत असताना वीज गेली. संगणक एकदम बंद पडला. वीज आल्यावर खेळ सुरू झाला, पण त्याने बांधलेले जग काही केल्या उघडेना. तो धावत माझ्याकडे आला.

"खाला, तुम्ही शाळेत संगणक शिकवता ना? बघा ना काय झालंय!"

मी बी.एड. झालेली, एम.एस.सी.आय.टी.चा अभ्यासक्रम पूर्ण केलेली. मला वाटले, यात काय अवघड आहे? जुने सगळे काढून टाकावे आणि खेळ नव्याने घालावा. मी खेळाचे संपूर्ण फोल्डर निवडले. 'शिफ्ट' आणि 'डिलीट' ही बटणे एकत्र दाबली. तसे केल्याने फाइली रिसायकल बिनमध्येही जात नाहीत. "कायमचे पुसायचे का?" असे संगणकाने विचारले. मी न वाचताच "होय" म्हटले. मग खेळ पुन्हा उतरवून घेतला. तो छान सुरू झाला. मी विजयी मुद्रेने भाच्याकडे पाहिले.

त्याने आपल्या जगांची यादी उघडली. यादी कोरी होती.

"खाला, नानीचं घर कुठे गेलं?"

मला उत्तर सुचेना. तो रडला नाही. नुसता पडद्याकडे बघत बसला. ते पाहणे मला फार जड गेले. ते घर माझेही होते.

संध्याकाळी आम्ही संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने मला एक गोष्ट समजावली. आपण फाइल पुसतो, तेव्हा ती लगेच नाहीशी होत नाही. संगणक फक्त तिची जागा मोकळी झाल्याची नोंद करतो. तिथे नवीन माहिती लिहिली गेली की मात्र जुनी मिटते. मी लगेच खेळ पुन्हा उतरवून घेतला होता. त्यामुळे बरीचशी जुनी माहिती मिटली होती. त्याने काही फाइली मिळवून दिल्या, पण त्या तुटक होत्या. त्यांतून घर उभे राहिले नाही.

नंतर मी या विषयावर बरेच वाचले. जे कळले त्याने माझे दुःख आणखी वाढले. या खेळात प्रत्येक जगाचे एक वेगळे फोल्डर असते. त्यात 'लेव्हल डॉट डॅट' नावाची फाइल असते. जगाचे नाव, खेळातली वेळ अशी माहिती तिच्यात असते. लिहिणे चालू असताना वीज गेली तर ती बिघडू शकते. म्हणून खेळ स्वतःच तिची आधीची प्रत शेजारी ठेवतो. तिच्या नावापुढे 'ओल्ड', म्हणजे जुनी, असे लिहिलेले असते. बिघडलेली फाइल बाजूला ठेवून जुनीला तिचे नाव दिले, तर पुष्कळदा जग पुन्हा उघडते. भिंती, विहीर, पायऱ्या यांची नोंद तर निराळ्याच फाइलींत असते. म्हणजे कदाचित घर शाबूत होते, नुसते दार अडकले होते. मी दार उघडण्यासाठी घरच पाडले!

मुलांनो, खेळाचे दोन भाग असतात, हे नीट लक्षात घ्या. एक भाग खेळ बनवणाऱ्यांचा आणि दुसरा तुमचा. तुमचे पाठ्यपुस्तक हरवले तर दुकानात दुसरे मिळते. पण तुम्ही वर्षभर लिहिलेली वही हरवली तर ती कोणत्या दुकानात मिळेल? खेळ हे पाठ्यपुस्तक आहे आणि तुम्ही साठवलेली प्रगती ही वही आहे. दुरुस्ती करताना पुस्तक बदलायचे असते. वहीला धक्का लागू द्यायचा नसतो.

यासाठी उपाय एकच. दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी वहीची नक्कल करा. हसू नका! परीक्षेत नक्कल करणे हा गुन्हा आहे, पण इथे ते शहाणपण आहे.

ही नक्कल कशी करावी? प्रथम खेळ पूर्ण बंद करा. खेळ चालू असताना फाइली बदलत असतात, त्यामुळे प्रत अर्धवट होऊ शकते. मग तुमची प्रगती कोणत्या फोल्डरमध्ये साठते, ते शोधा. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत त्या फोल्डरचे नाव 'सेव्ह्‌ज' असे आहे. ते फोल्डर 'कट' करू नका, 'कॉपी' करा. प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा, कारण संगणकच बिघडला तर त्यातली प्रतही जाईल. प्रतीच्या नावात तारीख लिहा. मूळ फोल्डर आणि प्रत यांचा आकार सारखा आहे का, ते पाहा. एवढे झाल्यावरच दुरुस्ती सुरू करा. एका वेळी एकच बदल करा. दुरुस्ती फसली तर प्रतीची आणखी एक प्रत काढून तीच वापरा. पहिली प्रत तशीच राहू द्या.

मोबाइलवर खेळत असाल तर जास्त जपा. तिथे खेळ काढून टाकला की बहुतेक वेळा त्याच्यासोबत साठवलेली प्रगतीही जाते. 'क्लिअर कॅशे' या बटणाने फक्त तात्पुरत्या फाइली पुसल्या जातात. 'क्लिअर डेटा' या बटणाने मात्र सारे पुसले जाते. ही दोन बटणे जवळजवळ असतात. बोट ठेवण्यापूर्वी नाव वाचा.

२०२० साली टाळेबंदीच्या दिवसांत भाच्याने घर पुन्हा बांधायला घेतले. या वेळी आपा आणि मी त्याला फोनवर सांगत होतो. पायऱ्या पाच, खालची तुटलेली, हे त्याच्या लक्षात होते. पण माजघराची खिडकी कोणत्या भिंतीत होती, यावर आपाचे आणि माझे एकमत झाले नाही. विचारायला अम्मी नव्हती. ती भिंत त्याने आजही कोरीच ठेवली आहे.

पुढच्या वर्षी त्याचा खेळ पुन्हा अडला. मी भीत भीत विचारले, "आता काय करशील?" तो म्हणाला, "खाला, काळजी करू नका. आधी प्रत काढली आहे. पेन ड्राइव्ह नानीच्या पेटीत ठेवला आहे." मग त्याने सावकाश दोष शोधला आणि घर पुन्हा उघडले.

दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, ही म्हण तुम्ही उर्दूतही ऐकली असेल. माझे तोंड एकदा पोळले आहे. तुमचे पोळू नये, म्हणून हे सारे सांगितले. आज घरी गेलात की तुमच्या वहीची एक प्रत काढून ठेवा. बिघाड होण्याची वाट पाहू नका.