आकडा आणि वाक्य

आईच्या उशाशी एक वही असते. सकाळ-संध्याकाळ ऑक्सिमीटर बोटाला लावायचा, आकडा लिहायचा. शेजारचा रकाना 'कसे वाटते' याचा. निम्मे आयुष्य चुलीपुढे गेलेले, निदान सीओपीडी. डॉक्टरांनी तिच्यासाठी ८८ ते ९२ टक्के ही पातळी ठरवून दिली. शंभर का नको, असे आम्ही विचारले होते. अशा काही रुग्णांना जादा प्राणवायूही बाधतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, हे तेव्हा कळले.

बोटातून प्रकाश पाठवून नाडीच्या ठोक्यांवरून रक्तातला प्राणवायू मोजण्याचे तत्त्व ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली जपानमध्ये मांडले. अजब यंत्र आहे. (हात गार पडले की तेही फसते.)

आम्ही भावंडे भाषा शिकवून पोट भरणारी; पण रोज फोनवर तिला विचारत होतो तो आकडाच. गेल्या हिवाळ्यात ती ९०, ९०, ८९ सांगत राहिली आणि आम्ही निर्धास्त राहिलो. वहीच्या दुसऱ्या रकान्यात 'बरे', 'बरे', आणि मग नुसत्या रेघा. पूर्वी जेवणाची चौकशी, भाजीचा भाव आणि शेजारणीची तक्रार एका श्वासात उरकणारी आई आता 'जेवलात' म्हणून थांबे, मग 'का' म्हणे. तो विराम आम्ही वयाच्या खाती टाकला. रुग्णालयात डॉक्टरांनी यंत्राआधी तिला बोलते केले: वाक्य एका दमात पुरे होते का, हीही एक तपासणीच असते.

आता फोनवर आम्ही मुद्दाम लांबण लावतो.

'परीक्षा घेताय होय रे माझी?' परवा ती म्हणाली. न थांबता.