पिता किती, यापेक्षा होते किती

कळ थांबली की मुतखड्याचा रुग्ण पहिला प्रश्न विचारतो, "डॉक्टर, टोमॅटो बंद करू का?" मग पालक, मग दूध. काय बंद करायचं याची यादी सगळ्यांना पाठ असते. काय वाढवायचं, हे क्वचितच कोणी विचारतं. युरॉलॉजिस्ट म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे: दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे.

मिठागरात पाणी आटलं की मीठ धरतं, तसं लघवी दाट झाली की तिच्यातले कॅल्शियम आणि ऑक्झलेट एकत्र येऊन स्फटिक धरतात. बहुतेक खडे याच जातीचे. इटलीत पार्मा इथे बोर्गी आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ जणांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं. भरपूर पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, नेहमीसारखं पिणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. १९९६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. इतकं स्वस्त औषध माझ्या शाखेत दुसरं नाही.

त्यासाठी प्यायचं किती? एसीत बसणाऱ्याला तीन लिटर बहुधा पुरतील. मे महिन्यात जळगावच्या शिवारात राबणाऱ्याचे तेवढे घामातच जातील. म्हणून पेले मोजू नका. सुट्टीच्या दिवशी लिटरची एक रिकामी बाटली न्हाणीघरात ठेवा आणि चोवीस तासांची लघवी मोजा. एकदा अंदाज आला की पुढे रंग पाहिला तरी चालतो: फिकट असली की ठीक, गडद पिवळी झाली की तांब्याकडे वळा. रात्री लघवी दाट होते, तेव्हा झोपण्यापूर्वीही एक पेला घ्या.

सगळं पाणीच हवं असं नाही. लिंबातलं सायट्रेट लघवीत उतरतं, कॅल्शियमला धरून ठेवतं आणि स्फटिक वाढू देत नाही. पण आपल्या सरबतात साखर-मीठ सढळ हाताने पडतं. मीठ जास्त गेलं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं. ताकाचंही तेच: ताक उत्तम, मीठ बेताचं. शहाळ्याच्या पाण्यानेही लघवीतलं सायट्रेट वाढल्याचं एका छोट्या अभ्यासात दिसलं आहे. कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं. त्याच्या क्षाराने कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक विरघळू शकतात, असं २०१६ साली प्रयोगशाळेत दिसलं. ते काचपात्रात घडलं, मूत्रपिंडात नव्हे. तरी बिनसाखरेचं कोकम आगळ पाण्यात घालून जरूर प्या.

चहा-कॉफीवर अनेकजण उगाच राग धरतात. सुमारे १,९४,००० अमेरिकी आरोग्य-व्यावसायिकांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रोज कॉफी पिणाऱ्यांना खड्याचा धोका २६ टक्के कमी आढळला, चहा पिणाऱ्यांना ११ टक्के. रोज साखरेचा कोला पिणाऱ्यांना मात्र तो २३ टक्के जास्त होता. चहात ऑक्झलेट असतं खरं, पण त्यातल्या दुधाचं कॅल्शियम ते आतड्यातच बांधून टाकतं. म्हणूनच खडा झाला की दूध तोडणं चूक. आहारातून पुरेसं कॅल्शियम घेणाऱ्यांना खडे कमी होतात, हे १९९३ पासून माहीत आहे. उलट 'डिटॉक्स' म्हणून रोज पालकाचा रस पिणं धोक्याचं. त्यातल्या ऑक्झलेटने मूत्रपिंड बिघडल्याच्या नोंदी आहेत.

आता बिअर. हा प्रश्न नवरा विचारतो आणि बायको माझ्याकडे रोखून पाहते. त्याच पाहणीत बिअर पिणाऱ्यांना खडे कमी आढळले, हे खरं. पण बिअरने युरिक आम्ल वाढतं आणि दारूचे बाकीचे हिशेब कोणी माफ करत नाही. मी ती लिहून देत नाही. कुळथाच्या कढणाला माझी हरकत नाही. पाच मिलिमीटरपर्यंतचे बरेचसे खडे आपोआप पडतात आणि श्रेय कढणाला मिळतं. मात्र कळ चालू असताना घटाघटा पाणी ढोसून अडकलेला खडा ढकलता येत नाही. थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावं. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी पाणी, शहाळं, सगळंच डॉक्टरांना विचारून घ्यावं.

'भरपूर पाणी प्या' असं चिठ्ठीवर लिहायला मला वेळ लागत नाही. पण एसटीची महिला वाहक, शाळेतल्या बाई, बाजारात दिवसभर बसणारी भाजीवाली यांना तो सल्ला पाळता येत नाही. त्या मुद्दाम कमी पितात, कारण जायचं कुठे? अशा रुग्णांपुढे लिंबू की कोकम ही चर्चा फजूल ठरते. त्यांच्या बाबतीत मुतखडा टाळायचा पहिला उपाय पेल्यात नाही. कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह हाच तो उपाय, आणि तो लिहून द्यायचा तर चिठ्ठी रुग्णाच्या नव्हे, नगरपालिकेच्या नावाने हवी.