उघडल्यावर काय गावला?

मालवणच्या मेस्त्रींनी माझ्याकडून दुरुस्ती शिकवण्याचा पैसा कधी घेतला नाही. पण त्यांचा एक दर होता आणि तो त्यांनी चोख वसूल केला. होडीचं मशीन उघडलं की आत काय सापडलं, ते त्यांना सांगायचं. अंदाज बरोबर निघाला असो वा चुकलेला, सांगायचं. त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेल्या होड्यांच्या निम्म्या मालकांनी हे देणं बुडवलं असेल. मी बुडवलं नाही, आणि तरी ऋण काही कमी झालं नाही.

आमची होडी देवबागची. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली, मध्ये माडांची अरुंद पट्टी. नदीच्या मुखाशी वाळूचे बांध पावसाळ्यागणिक जागा बदलतात. गेल्या वर्षी जिथून भर वेगात जात होतो, तिथे यंदा सुकतीला गुडघाभर पाणी. अशा जागेवरून जाताना होडीच्या मागे टांगलेलं मशीन उचलावं लागतं, पण बेतानं. कमी उचललं तर पंखा वाळूत रुततो. जास्त उचललं तर पाणी ओढणाऱ्या जाळ्या उघड्या पडतात, बाजूची पाण्याची धार थांबते आणि मशीन तापतं. किनाऱ्याला लावताना मात्र पूर्ण वर. हे सगळं एका बटणावर होतं. 12 व्होल्टची छोटी मोटर पंप फिरवते, पंप तेलाला दाब देतो, आणि तेल दांड्याला बाहेर ढकलतं. पंखा पाण्याखालच्या खडकावर आपटला तर त्याच दांड्याच्या पिस्टनमधल्या झडपा दाब सोडतात आणि मशीन मागे उसळून वाचतं. आमच्या किनाऱ्यावर खडक कमी नाहीत, तेव्हा हा संच चैनीचा नव्हे.

आमचं मशीन वर येईनासं झालं तेव्हा एका ठिकाणी अख्खा संच बदलायला सांगितलं होतं. आकडा ऐकून बाबा गप्प झाले. कोणीतरी मेस्त्रींचं नाव सुचवलं. बंदराच्या मागच्या बोळात पत्र्याची खोली, तेलानं काळी झालेली जमीन. त्यांनी पान्याला हात लावला नाही. मला म्हणाले, "बटण दाब बाय. आणि आयक."

एवढंच शिक्षण, पण त्याला क्रम होता. काहीच आवाज नाही? मग फ्यूज, बटण, वायरींची टोकं. खाऱ्या हवेनं तांब्यावर हिरवा गंज चढलेला असतो. नुसती टिक होते? मग रिले जागा आहे, पुढे करंट जात नाही. बॅटरीवर मीटर लावून ठेवायचा. पूर्ण भरलेली, चांगली बॅटरी 12.6 दाखवते, बटण दाबल्यावर काटा 9 च्या आसपास कोसळला तर दोष बॅटरीचा किंवा तिच्या सैल टोकांचा. तिथेही ठीक असेल तर मोटरच्या निळ्या-हिरव्या वायरी सोडवून थेट बॅटरीला लावायच्या. एका बाजूनं लावल्या की वर, उलट्या लावल्या की खाली. मोटर फिरली म्हणजे ती निर्दोष, शोध मागे सरकला. आणि मोटर गुरगुरते पण मशीन हलत नाही? तेव्हाच तेलाकडे वळायचं, त्याआधी नाही.

तेलाच्या बाबतीत ते फार कडक. मशीन पूर्ण वर घेऊन, आधाराच्या खिट्टीवर टेकवल्याशिवाय टाकीचं बूच उघडायचं नाही, नाहीतर दाबाखालचं तेल तोंडावर उडतं. आमचं तेल मुळात लाल. त्या दिवशी ते सोलकढीसारखं गुलाबी निघालं. म्हणजे पाणी शिरलेलं. दांडा बाहेर राहिला की त्यावर मीठ आणि बारीक शिंपले धरतात, आत जाताना तेच रबरी सील कापतात. सील बदललं, तेल बदललं, हवा निघेपर्यंत मशीन सावकाश वर-खाली करून पुन्हा बुचापर्यंत तेल भरलं. अख्ख्या संचाच्या मानानं खर्च अगदीच किरकोळ.

सील घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी माझ्या भावाला दांडा धरायला लावलं आणि पाना माझ्या हातात दिला. मुलगी म्हणून कौतुक नाही की सवलत नाही. पुढे जून-जुलैत, मासेमारी बंद आणि होड्या वर ओढलेल्या, तेव्हा मी त्यांच्या खोलीत जाऊन बसायचे. जे शिकवत होते त्यावर त्यांचं पोट होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. देवबागातली गिऱ्हाइकं हळूहळू माझ्याकडे वळली. मेस्त्रींनी एका शब्दानं विचारलं नाही.

एका संध्याकाळी पर्यटक घेऊन परतताना नेमक्या बांधाशी मशीन वर येईना. मी फोन लावला. "खाली जाता काय?" जात होतं. "मगे वरचो रिले गेलो. पण लाटांत झाकण उघडू नको." त्यांनी सांगितलं तसं ब्रॅकेटच्या भोकातून चपटा स्क्रूड्रायव्हर घालून दाब सोडण्याचा स्क्रू घड्याळाच्या उलट फिरवला, दोघांनी मिळून मशीन हातानं उचललं, खिट्टी लावली, स्क्रू परत आवळला आणि बांबूनं होडी काढली. घरी आल्यावर दोन्ही रिले एकमेकांच्या जागी लावून पाहिले. आता वर जाऊ लागलं, खाली जाईना. रात्री पुन्हा फोन, कारण हिशेब द्यायचा होता.

आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत, खोली बंद आहे. फोन मात्र पहिल्या घंटीला उचलतात. परवा एका होडीचं मशीन रात्रभरात आपोआप खाली उतरत होतं. त्यांचा अंदाज पिस्टनच्या सीलचा. पण म्हणाले, आधी तो दाब सोडण्याचा स्वस्त स्क्रू काढून बघ. मी काढला. दोष तिथेच, स्क्रूवरच्या ओ-रिंगमध्ये. सिलिंडर उघडावाच लागला नाही. फोनवर तसं सांगितलं.

"मेस्त्रीनू, तुमचो अंदाज चुकलो."

त्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"रिंग कापलेली हा की चपटी झालेली?"

"कापलेली."

"मगे कोणीतरी सुकी घातल्यान. तू घालशीत ती तेलात बुडवन घाल. आणि उद्या सकाळी मशीन खय रवला ता माका सांग."