ड्युरँगोची शिटी, अकोटचा भोंगा

लोक कोलोरॅडोला डोंगर बघायला जातात. मी गेलो होतो ऐकायला. खरंच! कॅमेरा बॅगेत पडून होता आणि हातात होता एक छोटासा रेकॉर्डर. तोही मित्राकडून उसना आणलेला.

ड्युरँगो हे साडेसहा हजार फुटांवरचं छोटंसं गाव. मेन अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या विटांच्या इमारती, कॉफी शॉप्स, सायकलवाले, आणि रस्त्याच्या एका टोकाला 1882 सालचं रेल्वे स्टेशन. सकाळी तिथून शिटी वाजते आणि समोरच्या डोंगरावर आपटून परत येते. पहिल्यांदा ऐकताना कॉफी हिंदकळलीच.

हे गाव वसवलंच रेल्वेने, 1880 मध्ये. वरच्या डोंगरात सोनं-चांदी सापडली होती, ती खाली आणायला सिल्व्हरटनपर्यंत 45 मैलांची नॅरोगेज टाकली. रुळांमधलं अंतर फक्त तीन फूट. 1882 मध्ये गाडी सिल्व्हरटनला पोचली. पुढे खाणी थंडावल्या, पण गाडी चालू राहिली. आज तिच्यात आपल्यासारखे टुरिस्ट असतात.

पण मला ड्युरँगो माहीत झालं ते वेगळ्याच कारणाने. मॉडेल रेल्वेच्या छंदात असलेल्यांना साउंडट्रॅक्स हे नाव पाठ असतं. खेळण्याएवढ्या इंजिनाच्या पोटात बसणारा आवाज बनवणारी ही कंपनी याच गावात वाढली. म्हणजे गावाच्या एका टोकाला खरी शिटी आणि दुसरीकडे तिची तळहातावर मावणारी आवृत्ती!

रुळांवरचा आयपी अ‍ॅड्रेस

मॉडेल रेल्वे म्हणजे लहान मुलांची गोल फिरणारी गाडी, असं वाटत असेल तर थांबा. जुन्या पद्धतीत रुळांमधला करंट कमी-जास्त केला की गाडी हळू किंवा जोरात पळायची. दोन इंजिनं ठेवली की दोन्ही एकदम पळायची. आणि करंट बंद केला की सगळंच मुकं.

डिजिटल कमांड कंट्रोलने, म्हणजे डीसीसीने, हे बदललं. 1990च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने या पद्धतीची मानकं ठरवली आणि वेगवेगळ्या कंपन्यांचा माल एकमेकांशी बोलू लागला. आता रुळांत करंट कायम असतो आणि त्याच करंटमधून हुकूम जातात. प्रत्येक इंजिनात एक डीकोडर, त्याला स्वतःचा नंबर. आयटीवाल्यांना एका वाक्यात सांगायचं तर प्रत्येक इंजिनाला आयपी अ‍ॅड्रेस. ज्याच्या नावाचा हुकूम, तोच हलणार.

आणि करंट कायम म्हटल्यावर उभं असलेलं इंजिनही आवाज करू शकतं! स्टेशनात थांबलेलं वाफेचं इंजिन फुसफुसतं, डिझेल घरघरत राहतं. डीकोडरच्या चिपमध्ये खऱ्या इंजिनाचं रेकॉर्डिंग असतं. एक बटण दाबलं की घंटा, दुसरं दाबलं की शिटी. चढावर मोटरवर लोड आला की तो ओळखून आवाज जड करणारे डीकोडरही आहेत.

ऐकायला सोपं वाटतं, करायला बसलं की घाम फुटतो. माझा पहिला प्रयोग डायनिंग टेबलवर झाला. दोन वायर सोल्डर केल्या, स्पीकर इंजिनात तसाच ठेवून दिला आणि आवाज आला डासासारखा. नंतर कळलं, स्पीकरच्या मागे बंद डबी लागते. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांत मिसळला की दोन्ही मरतात. मग मोबाइलच्या स्पीकरसारखे साखरेच्या क्यूबएवढे स्पीकर मिळाले, डबीसकट. रूळ मळलेले असले की आवाज तुटायचा, म्हणून एक कपॅसिटर जोडला. क्षणभर करंट गेला तरी तो आवाज धरून ठेवतो.

वाफेच्या इंजिनात आणखी एक गंमत. दोन सिलिंडर, प्रत्येकात दोन्ही बाजूंनी वाफ, म्हणजे चाकाच्या एका फेरीत चार ‘भक’. मॉडेलमध्ये हे चार जुळले नाहीत तर डोळे एक सांगतात, कान दुसरं. सेटिंग बदलत रात्री दोनपर्यंत जागलोय, दुसऱ्या दिवशी सकाळी मीटिंग असताना!

कोळसा संपला, फावडं राहिलं

तर गाडीत बसलो. ड्युरँगो सुटल्यावर थोड्या वेळाने अ‍ॅनिमस नदीच्या वर कड्यात कोरलेली वाट लागते. गाडी अगदी हळू होते. खिडकीतून खाली बघवत नाही, म्हणून डोळे मिटले. काय आवाज होता! प्रत्येक ‘भक’ समोरच्या कड्यावरून परत येत होता. छातीत जाणवणारा तो खर्ज कुठलाच क्यूबएवढा स्पीकर देऊ शकत नाही. हे मान्य करूनच छंद करायचा.

एक गोष्ट मात्र नव्हती: कोळशाचा वास. जून 2018 मध्ये या रुळांजवळ मोठा वणवा लागला, सुमारे 54 हजार एकर जळालं. इंजिनातल्या ठिणगीने तो लागला असा अमेरिकन सरकारने दावा केला आणि 2022 मध्ये 2 कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्या वणव्यानंतर रेल्वेने वाफेची इंजिनं एकेक करून तेलावर वळवली. फायरमनचं फावडं गेलं, झाकणाचा खणखणाट गेला, बर्नरची घरघर आली. गंमत बघा, माझ्या टेबलावरच्या इंजिनात मात्र बटण दाबलं की फायरमन अजून कोळसा टाकतो. खऱ्यातून गेलेला आवाज खेळण्यात राहिलाय, कारण कुणीतरी तो वेळेवर टिपून ठेवला.

हा आवाज मी ओळखतो!

संध्याकाळी ड्युरँगोला परतलो, यार्डाच्या कडेने चालत होतो आणि पाय थबकले. एक डिझेल इंजिन उभ्या उभ्या धडधडत होतं. जरा लंगडत, जणू एक ठोका चुकवत. मी सातवीत असल्यासारखा अंगावर काटा आला. हा तर अकोट स्टेशनचा आवाज!

वेड लागलं नव्हतं. वणव्यानंतर या रेल्वेने व्हाइट पास अँड युकॉन या रेल्वेकडून काही डिझेल इंजिनं घेतली. ती अमेरिकन अल्को कंपनीच्या डीएल535 घराण्यातली. आणि आपली मीटरगेजची वायडीएम-4? तीही डीएल535! पोटात तेच सहा सिलिंडरचं 251 जातीचं इंजिन. पहिली वायडीएम-4 1960च्या दशकात बाहेरून आली, मग वाराणसीत बनू लागली. अल्कोने 1969 मध्ये रेल्वे इंजिनं बनवणं थांबवलं, पण आवाज दोन खंडांत धडधडत राहिला. इथल्या रुळांवरची काही वाफेची इंजिनंही अल्कोचीच, 1923 सालची.

माझं आजोळ अकोटचं. अकोला-खंडवा मीटरगेज तिथून पुढे मेळघाटात शिरायची आणि धूळघाटाला गोल वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांवरून जायची. 2017 उजाडता उजाडता ती गाडी बंद झाली.

परतल्यावर एक जुनं सेकंडहँड डिझेल घेतलं, वायडीएम-4 सारखं रंगवलं. साउंड लायब्ररीतून अल्को 251 चा अमेरिकन आवाज भरला आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. “हो, हेच इंजिन. बरोबर आहे.” मग मी हॉर्न दाबला. बाबा हसले. “हा कोण रे? हा आपल्या गाडीचा भोंगा नाही.”

बरोबर होतं. पोट तेच, गळा परका. आणि आपला गळा कुठल्याच लायब्ररीत सापडेना. एका इंजिनाचा पूर्ण आवाज टिपायचा तर ते सुरू होताना, आठही नॉचवर, ब्रेक लागताना, बंद पडताना, हॉर्न वेगळा, असं सगळं सुटं सुटं लागतं. तेही वारा आणि गर्दी नसताना. आपण फोटो हजारो काढले. आवाज कुणी काढला?

माझ्याकडे होता फक्त एक मोबाइल व्हिडिओ, डिसेंबर 2016 चा. सुट्टीवर गेलो असताना सहज काढलेला, 40 सेकंदांचा. त्यात हॉर्न आहे, चारच सेकंद. काही डीकोडरमध्ये, उदाहरणार्थ जर्मन ईएसयू कंपनीच्या लोकसाउंडमध्ये, आपल्याकडचा आवाज भरता येतो. तो भरला. बाबांना पुन्हा कॉल केला. या वेळी ते हसले नाहीत, “परत वाजव” म्हणाले.

हॉर्नच्या शेपटाला मामीचा आवाज आहे, “चहा झाला काय रे तुझा?” सॉफ्टवेअरमध्ये तो दोन क्लिकमध्ये कापता येतो. नाही कापला. आता माझ्या टेबलावर गाडी अकोट सोडते तेव्हा मामी दर वेळी चहाचं विचारते.

पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा सेल्फी काढाच. पण एक मिनिट फोन नुसता धरून उभे राहा. स्टेशन, गिरणी, एसटी स्टँड, काहीही. आणि बोलू नका. किंवा बोला!

जायचं असेल तर

ड्युरँगोला छोटा विमानतळ आहे. गाडीने आल्बुकर्कीहून साधारण चार तास, डेन्व्हरहून साडेसहा-सात. सिल्व्हरटनची मुख्य फेरी मे ते ऑक्टोबर. हिवाळ्यात गाडी अर्ध्या वाटेवरच्या कॅस्केड कॅनियनपर्यंत जाते. एका बाजूचा प्रवास साडेतीन तासांचा. सिल्व्हरटन नऊ हजार फुटांच्या वर आहे, तेव्हा उन्हाळ्यातही जॅकेट ठेवा. आणि इअरफोन? ते हॉटेलवरच राहू द्या.