झांकणांतील छिद्र

खानदेशचा उन्हाळा ज्यानें भोगला, त्यास वाळवंटाची भीति ती काय? आमचें गांव चोपडा, उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस तापी; वैशाखांत पारा पंचेचाळिसांच्या घरांत जातो. २०१६ च्या मे महिन्यांत पुतण्याच्या मोटारसायकलीवर मागें बसून मी उनपदेवच्या ऊन पाण्याच्या झऱ्याकडे निघालों असतां, अडावदजवळ गाडी बंद पडली. पेट्रोलच्या नळीस हात लावला तों चटका बसला. पेट्रोलांतील हलके अंश चाळीस अंशांच्या आंतच उकळूं लागतात. त्यांची वाफ नळींत अडकली कीं द्रवास वाट उरत नाहीं, असें पुतण्यानें समजाविलें. ओलें फडकें गुंडाळून अर्धा तास लिंबाखालीं बसलों, आणि गाडी चालूं झाली.

पुढल्याच महिन्यांत त्याच गाडीवर आम्ही मनालीहून लेहकडे निघालों. तांडी येथें टांकी भरली, दहा लिटरांचा डबाही घेतला. कारण पुढला पंप ३६५ किलोमीटरांवर असल्याची तेथें पाटीच होती. बारालाचा खिंड चढतांना गाडी धापा टाकूं लागली. हवा विरळ झाली म्हणजे मिश्रणांत पेट्रोलचें प्रमाण वाढतें, काळा धूर निघतो व जोर ओसरतो. माझीही अवस्था फारशी निराळी नव्हती!

पांग येथें डब्यांतील पेट्रोल टांकींत ओतलें. पुढें मोरे मैदान लागलें. समुद्रसपाटीपासून सुमारें ४,७०० मीटर उंचीवरची ती वृक्षहीन भूमि. ऊन कातडी भाजतें, वारा हाडें गोठवितो, आणि धूळ तर विचारूंच नये. तेथें गाडी थांबली. ओलें फडकें ठेवलें, थोडें थांबलों. चालूं झाली, आणि कांहीं अंतरावर पुन्हां थांबली. असें तीन वेळां झालें. दुपार कलली. माझें डोकें ठणकूं लागलें, मळमळ सुरू झाली. अशा उंचीवर उघड्यावर रात्र काढणें म्हणजे प्राणाशीं खेळ, हें दोघांसही ठाऊक होतें. बोललें मात्र कोणी नाहीं.

"काका, येथें हवेचा दाब जवळजवळ निम्मा. पेट्रोल लवकर उकळणारच," तो म्हणाला.

बोलणें शास्त्रशुद्ध होतें. परंतु नळीस हात लावून पाहतों तों ती थंडगार! मग वाफ कोठून? न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेक आठवला: जें असतां कार्य घडतें व नसतां घडत नाहीं, तें कारण. आणि त्याबरोबरच आठवली आईची तेलाचा डबा फोडण्याची रीत: एक भोंक तेलासाठीं, दुसरें वाऱ्यासाठीं.

"अरे, टांकीचें झांकण उघड पाहूं."

उघडतांच हवा आंत शिरल्याचा सुस्कारा ऐकूं आला. झांकण बसवून किक मारली, गाडी चालूं झाली. थोड्या वेळानें पुन्हां मूक. पुन्हां उघडलें, पुन्हां तोच सुस्कारा. झांकणांतील सुईएवढें वायुछिद्र धुळीनें बुजलें होतें! टांचणीनें तें मोकळें केलें, आणि दिवस मावळण्यापूर्वीं टांगलांग खिंड ओलांडून रूमत्से गांवीं पोहोंचलों.

वाफेचा सिद्धांत खोटा नव्हे; अडावदला तोच खरा होता. परंतु एके ठिकाणीं खरें ठरलेलें कारण दुसरीकडे न तपासतां लावणें, ही विद्वानांची जुनी खोड आहे. चोपड्यास परतल्यावर हा सारा वृत्तांत वहिनींस मोठ्या ऐटीनें सांगितला. पोळी लाटतां लाटतां त्या म्हणाल्या, "भावजी, डब्याला दोन भोकें लागतात, एवढें कळायला लडाखला कशाला जायला हवें होतें?"