पडद्यावरचे ६० टक्के

बाबांचा उजवा खांदा आखडला आणि त्यांचं मांडवीत जाणं बंद झालं. रायबंदरला आमची १८ फुटी शिडाची होडी आहे. वारा पडला की मागचं पेट्रोल इंजिन लागतं, आणि ते दोरी ओढूनच सुरू होतं. बाबांना ते जमेना, आणि दोरी मी ओढलेली त्यांना आवडेना. म्हणून मी विजेची मोटर बसवायची ठरवली.

बसवणं त्या मानाने सोपं निघालं. इंजिनाच्याच जागी ३ किलोवॅटची मोटर, आणि लिथियम आयर्न फॉस्फेटचे १६ सेल एकापुढे एक जोडून ५१.२ व्होल्ट, ५० अँपिअर-तासांची बॅटरी. म्हणजे जेमतेम अडीच युनिट वीज. ताशी साडेपाच किलोमीटरने गेलं तर आमच्या होडीला अर्धा किलोवॅट पुरतो, पाच तास निघतात. वेग ९ वर नेला की सव्वादोन किलोवॅट लागतात, कारण लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाने वाढते. तासाभरात खेळ आटोपला!

घोळ घातला तो मी, पडद्यात. सॉफ्टवेअरवाला ना! व्होल्टेजवरून टक्के दाखवणारा छोटा पडदा स्वतःच बनवला. पण या सेलचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पल्ल्यात जवळजवळ सपाट राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं. हे मी वाचलं होतं. वाचलं होतं, एवढंच.

पडदा भरपूर दाखवतोय म्हणून दोन रविवार मी चार्जिंगच केलं नाही. तिसऱ्या रविवारी पणजीपर्यंत मजेत गेलो. परतताना ओहोटी लागली, म्हणून वेग वाढवला. पुलाच्या अलीकडे पडद्यावर ६० टक्के असताना मोटर गप्प झाली. पाणी आम्हाला समुद्राकडे ओढू लागलं. मागून कुठलीशी मोठी बोट भोंगा देतेय आणि मी वायरी चाचपतोय.

"सोड रे ते. सुकाणू धर," बाबा म्हणाले.

त्यांनी डाव्या हाताने शीड चढवलं. थोडं ओढायचं, दोरी खुंटीला अडकवायची, पुन्हा ओढायचं. दुपारचा पश्चिमेचा वारा पाठीशी होता. वारा आणि ओहोटी समोरासमोर, त्यामुळे होडी आखूड लाटांवर आपटत होती. रायबंदर गाठायला दीड तास लागला. तेवढ्या वेळात बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. उलट शीळ घालत होते.

आता बॅटरीतून किती विद्युतप्रवाह आला-गेला ते मोजणारा शंट बसवला आहे. बाबा तिकडे बघत नाहीत. निघण्याआधी ते भरती-ओहोटीचं कोष्टक बघतात, शिडाची दोरी कुठे अडकत नाही ना ते तपासतात. मोटरचं बटण मात्र त्यांनाच दाबायचं असतं.